कार्डावरची तिसरी ओळ

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण सध्या मला वाकायला, उचलायला, धावायला आणि तुझ्या जावयाच्या मते जोरात हसायलाही बंदी आहे. कारण तुझ्या लक्षात आलंच असेल. नसेल आलं तर आधी खुर्चीत बस आणि मग पुढे वाच.

दिवस राहिलेत! आठ वर्षं, तिसरा प्रयत्न, इंजेक्शनांनी चाळण झालेलं पोट, आणि आता हे. या वेळी डॉक्टर म्हणाले, वय पाहता दोन गर्भ ठेवू, एक तरी धरेल. पंधरवड्यापूर्वी रक्ताच्या तपासणीत कळलं होतं, पण मागच्या दोन वेळचा अनुभव पाहता सोनोग्राफी होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. तुलासुद्धा नाही. रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, मोबाइल तू घेणार नाहीस, आणि पत्रात लिहून मग दुसऱ्या पत्रात पुसून टाकायची माझी तयारी नव्हती.

आज सोनोग्राफी झाली. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. तोच ठोका. दोनपैकी एक धरला. तुझा जावई रोज चाळीस लोकांची बस चालवतो, हॉर्नसुद्धा विचार करून वाजवतो, तो तिथे उभ्याउभ्या घळाघळा रडला.

आणि आता तक्रार ऐक. ती सोनोग्राफीवाली बाई! चेहरा असा की कुणी तिचं काहीतरी घेऊन परत केलेलं नाही. ठोका दाखवला, म्हणाली, “हा ठोका.” बस. अभिनंदन नाही, हसू नाही. मला वाटलं आता उठायचं, तर म्हणे, “पडून राहा.” आणि पुढची वीस मिनिटं ती माझ्या पोटात काय शोधत होती कोण जाणे. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. बाहेर रांगेतल्या बायका दार वाजवायला लागल्या तरी हिचा हात पोटावरून निघेना. यंत्राच्या कडेला एक मळकं कार्ड चिकटवलं होतं, त्यावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या: “ठोका दिसला तरी थांबायचं नाही. दोन्ही बाजू बघायच्या.” शेवटी म्हणाली, “चार दिवसांनी पुन्हा या.” का, ते सांगितलं नाही. डॉक्टर तर म्हणाले, सगळं छान आहे.

मी बाहेर आल्यावर तक्रारवही मागून घेतली आणि लिहिलं: “इतक्या वर्षांनी आनंद झालेल्या माणसाशी कसं बोलावं हे या बाईंना शिकवावं.” आम्ही घरी तिचं नाव गंभीरबाई ठेवलं आहे.

बाकी मी ठणठणीत. (वर एक ओळ खोडली आहे तिकडे लक्ष देऊ नकोस, उगाच काहीतरी लिहिलं होतं.)

तुझी,
टाचणी


७ फेब्रुवारी

टाचणे,

खुर्चीत बसून वाचलं. मग उठले, चष्मा पुसला आणि पुन्हा बसून वाचलं. आनंद झाला हे काय लिहायचं? शेजारच्या शिक्षिकाबाईंना भिंतीवर थापा मारून बोलावलं आणि पत्र दाखवलं. आता सगळ्या गल्लीला कळलं असेल. तूच सांगितलंस की आता सांगायला हरकत नाही.

जावईबापूंना सांग, बसमध्ये रडू नका, बाकी कुठेही रडा.

आता माझं नीट ऐक. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, आणि खोडलेल्या ओळी वाचणं हा माझा धंदाच होता. तुझी ती ओळ तू इतकी काळी केली आहेस की कागद फाटलाय. ज्याचं काही दुखत नाही तो माणूस एवढा जोर लावत नाही. तेव्हा तीन प्रश्न, आणि तिन्हींची खरी उत्तरं दे:

पोटात एका बाजूला दुखतं का? उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? आणि खांदा दुखतो का? खांद्याचं वरचं टोक, जिथे ब्लाउजची शिलाई येते तिथे.

तिसऱ्या प्रश्नाला हसू नकोस. का विचारते, तेही विचारू नकोस. पण खांदा दुखला तर पत्र लिहीत बसू नकोस, आधी दवाखाना गाठ, मग मला कळव. गंभीरबाईंनी चार दिवसांनी बोलावलंय ना, तर चौथ्या दिवशी सकाळी पहिला नंबर तुझा पाहिजे. आणि त्या वहीतली तक्रार खोडून ये. मी या जन्मात असंख्य हसऱ्या बायका पाहिल्या. रांग दार वाजवत असताना पोटावरचा हात न काढणाऱ्या दोन पाहिल्या.

मावशी


९ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र वॉर्डातून लिहितेय. घाबरू नकोस, खिडकीजवळची खाट मिळाली आहे, आणि तुझं पत्र हा आत्ताच घरून घेऊन आला.

काल पुन्हा सोनोग्राफी झाली. गंभीरबाईंनी गर्भपिशवीतला ठोका पाहिला, मोठा झालाय. मग उजवीकडे गेल्या आणि थांबल्या. त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “तुम्हाला खरं सांगू का?” मी म्हटलं, सांगा. म्हणाल्या, “दोन गर्भ ठेवले होते. दोन्ही धरलेत. एक जागेवर आहे. दुसरा उजव्या नळीत आहे.”

मावशी, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. नळीत तो वाढू शकत नाही. वाढायला गेला तर नळी फुटेल, आणि मग मी आणि पिशवीच्या आतला, दोघंही जाऊ. औषधाने तो विरघळवता आला असता, पण त्या औषधाने आतलाही जाईल. म्हणून ऑपरेशन. दुर्बिणीतून नळी काढायची आणि पिशवीला धक्काही लागू द्यायचा नाही. आतला टिकेल का? डॉक्टर म्हणाले, बहुतेक टिकतो. “बहुतेक” हा शब्द मी कालपासून तोंडात घोळवतेय.

आमच्यासारख्या उपचारवाल्या बायकांतही हजारात एखादीला असं होतं म्हणे, इतरांना तर त्याहून विरळा. आणि दिसत नाही, कारण आतला ठोका दिसला की सगळे खूश होतात आणि बघायचं थांबवतात. पहिल्याच दिवशी गंभीरबाईंना उजवीकडे एक गोल कडी दिसली होती. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांनी अंडाशय सुजलंय, तेच असेल. त्या म्हणाल्या, असेल, पण मी चार दिवसांनी बघणार. एवढंच. आवाज न चढवता.

तुला गंमत सांगते. मी अकरा वर्षं काय करते? कारखान्यात शिवून आलेले शर्ट तपासते. कॉलर, खांदे, बाह्या, काजं, बटणं, खालची दुमड. आणि नव्या मुलींना पहिल्या दिवशी काय सांगते? कॉलर छान दिसली की डोळे सुस्तावतात, तिथेच सावध राहा, सुटलेला टाका खाली असतो. ती बाई माझंच काम माझ्यावर करत होती, आणि मी तिची तक्रार केली! मला माझीच लाज वाटली.

आज दुपारी त्या स्वतःचा डबा अर्धा टाकून वॉर्डात आल्या. एका पाकिटाच्या पाठीवर मला चित्र काढून दाखवलं, इथे पिशवी, इथे नळी, इथून कापतील. चित्र अगदी साधं, पण कुठे काय आहे ते मला प्रथमच समजलं. मी न अडखळता सही केली ती त्यामुळेच.

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. आता तुझी तीन उत्तरं. एक, हो, उजवीकडे आठवडाभर टोचतंय, तीच ती खोडलेली ओळ. दोन, अंधारी आज एकदा आली, पण जेवले नव्हते. तीन, खांद्याचं तुला कुणी सांगितलं? सकाळपासून उजवा खांदा अगदी टोकाला ठणकतोय. या खाटेवरची उशी म्हणजे वीट आहे, झोपेत अवघडला असेल. हा शेजारी बसून तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचतोय आणि माझ्याकडे असा बघतोय की जणू


१० फेब्रुवारी

मावशी,

तिचं पत्र अर्धंच राहिलं. मी तसंच पाठवतो. मला लिहायची सवय नाही.

तुमच्या पत्रात खांद्याचं वाचलं आणि तिला विचारलं तर ती म्हणाली दुखतोय, उशीमुळे. मी धावत नर्सकडे गेलो. नर्सने डॉक्टरांना बोलावलं. वीस मिनिटांत तिला आत नेलं. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते मी लिहीत नाही. नळीतून रक्त झिरपायला लागलं होतं, पोटात साठत होतं, त्यामुळे खांदा दुखतो म्हणे. हे मला आयुष्यात माहीत नव्हतं.

नळी काढली. तिला रक्त चढवलं. आज सकाळी त्या सोनोग्राफीवाल्या बाईंनी यंत्र खाटेजवळ आणलं. आतला ठोका आहे. मी स्वतः पाहिला. मोजलासुद्धा, घड्याळ धरून.

मावशी, तुमचे पाय धरायला येणार आहे. रजा मिळाली की.

तुमचा जावई


१२ फेब्रुवारी

टाचणे,

तुमची दोन्ही पत्रं एकाच पाकिटात आली. मी तुझं अर्धं पत्र वाचलं, शेवटच्या शब्दाशी आले आणि माझा जीव जागच्या जागी थांबला. जावईबापूंचा कागद त्याच्या मागे चिकटला होता, तो काढायला माझ्या बोटांना किती वेळ लागला ते मलाच माहीत.

त्यांना सांग, पाय धरायचे नाहीत. त्याचं कारण आता लिहिते. सव्वीस वर्षं लिहिलं नाही, बोलले नाही, तुझ्या आईला देखील नाही.

तुझ्यासारखीच एक बाई होती. तेव्हा हे उपचार नवे होते. खूप वर्षांनी तिला दिवस राहिले, सोनोग्राफीत ठोका दिसला, सगळ्या वॉर्डाने तिचं कौतुक केलं. दोन दिवसांनी पोट दुखतं म्हणून आली. ठोका जागेवर. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, घरी जा. ती निघताना मला म्हणाली, “सिस्टर, खांदा फार दुखतोय हो.” मी म्हटलं, “बादली उचलली असशील, नाहीतर काय.” आणि टाचणे, मी तिला बाकावर बसवून तिच्या खांद्याला बाम चोळला. माझ्या हातांनी. ती हसली, म्हणाली, “तुमच्या हाताला गुण आहे.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिला आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला कुणी काही बोललं नाही. कागदावर खांद्याचा उल्लेखच नव्हता, कारण तो मी लिहिलाच नव्हता. बाम लावलेलं कोण लिहितं? त्यानंतर मी नोकरी सोडेपर्यंत प्रत्येक बाईला तो प्रश्न विचारला. सगळे मला विक्षिप्त म्हणायचे. म्हणू दे म्हटलं.

म्हणून सांगते, माझे पाय धरू नका. मला ते एका बाईकडून शिकायला मिळालं आणि शिकवणीची फी तिने भरली. कौतुक करायचं तर तुझ्या गंभीरबाईंचं करा. पहिल्या दिवशी, आनंदाच्या गडबडीत, कुणाचंही न ऐकता जी बाई उजवीकडे बघते, तिच्याएवढं मोठं माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. ती नसती तर तू त्या दिवशी घरी असतीस आणि तुझं पोट दुखतंय हे कुणाला कळलंही नसतं.

सोबत एक बंद पाकीट आहे ते त्यांना दे. तू उघडू नकोस.

मावशी


३ मार्च

मावशी,

मी घरी आहे. अंगात जोर येतोय, कारखान्याने बसून करायचं काम दिलं आहे, आणि आतलं माणूस व्यवस्थित वाढतंय. उलट्या इतक्या होतात की मला शंका राहिलेली नाही.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तर लिहायला तीन आठवडे लागले, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता कळलंय, तर ऐक आणि मध्ये बोलू नकोस. तू मला लहानपणापासून दटावत आलीस, आज माझी पाळी. त्या बाईचं मला फार वाईट वाटतं. तिच्यासाठी मी रडले, तिचं नावही माहीत नसताना. पण तिचा खांदा तू सव्वीस वर्षं विसरली नाहीस. दुसरं कुणी विसरलं असतं, कागदावर नव्हता म्हणून सुटलो म्हणालं असतं. तू विसरली नाहीस म्हणून मी आज हे पत्र लिहितेय. कौतुक करू नका म्हणालीस. ते तुझ्या हातात नाही.

पाकीट दिलं. त्याची हकीकत अशी. मी आधी तक्रारवही मागितली, माझी तक्रार काढली आणि पेनने खोडायला लागले. तेवढ्यात गंभीरबाई तिथून जात होत्या. म्हणाल्या, “खोडू नका. बरोबर लिहिलंय तुम्ही. मला बोलता येत नाही.” मी म्हटलं, “मग शिका ना.” तोंडातून निघून गेलं बघ! आणि मावशी, त्या हसल्या. अर्ध्या सेकंदाचं हसू, पण मी साक्षीदार आहे.

मग मी पाकीट दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. एकदा वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. कोटाच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. तू काय लिहिलं होतंस? त्या रागावल्या तर नसतील?

टाचणी


२१ मार्च

सिस्टर,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, म्हणून उशीर झाला. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात.

पहिली, मी तिथे असते तर त्या दिवशी दिसलं असतं का. खोटं सांगत नाही, मला माहीत नाही. तेव्हाची यंत्रं वेगळी होती. कदाचित दिसलं असतं, कदाचित नाही.

दुसरी, कार्डावरच्या दोन ओळी मी कुठून आणल्या. तुम्ही तुमचा प्रश्न जिथून आणलात तिथूनच. माझ्याकडेही अशीच एक बाई आली होती. ती वाचली, पण बाकी काही वाचलं नाही. मी तिला अभिनंदन म्हणाले होते. तेव्हापासून म्हणत नाही.

बामाबद्दल तुम्ही स्वतःला फार बोलता. तिचा खांदा दुखत होता आणि कुणीतरी तो चोळला. तेवढं तिला मिळालं. मी त्या पत्रात हेच पुन्हा पुन्हा वाचत होते.

कार्डावर मी तिसरी ओळ लिहिली आहे: “खांदा विचारायचा.” आता प्रत्येकीला विचारते. मशीनला खांदा दिसत नाही, ते काम तुमचं होतं.

आपली,
सोनोग्राफीवाली


११ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

मुलगी! सत्तावीस सप्टेंबरला, भर दुपारी, सगळ्यांच्या चहाच्या वेळी. तार करायची पद्धत बंद झाली, नाहीतर केली असती. तेव्हा शिक्षिकाबाईंना फोन करवला होता, तो निरोप तुला भिंतीवर थापा मारून मिळालाच असेल. नाक आमच्या ह्याचं, आवाज तुझा. वॉर्डातल्या सगळ्या नर्सना तिने पहिल्याच दिवशी कामाला लावलं.

गंभीरबाई भेटायला आल्या होत्या. रिकाम्या हाताने, घाईघाईत, कोट घालूनच. बाळाला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उजवा कान बघितला, डावा कान बघितला, दोन्ही मुठी उघडून बोटं मोजली, पालथं करून पाठ पाहिली. मी श्वास धरून बघत होते. सगळं बघून झाल्यावर तिला माझ्या कुशीत ठेवलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन.” बस, एवढंच. आणि लगेच निघून गेल्या, कारण डोळे पुसायचे होते आणि ते त्यांना आमच्यासमोर करायचं नव्हतं. हा म्हणतो, या बाईंचं एक अभिनंदन म्हणजे दुसऱ्यांची शंभर.

परवा मला तपासणीला बोलावलं होतं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. आतून एक बाई फणकारत बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, “काय बाई आहे! ठोका दाखवला तर हसली नाही, आणि पोट सोडून मला खांद्याचं काय विचारते? कुठाय ती तक्रारवही?” वही होती, पण पेन नव्हतं. तिने माझ्याकडे मागितलं. माझ्या पर्समध्ये दोन होती, मावशी. मी नाही म्हणून सांगितलं.

हा रविवारची रजा काढून तुला आणायला येतोय. नाही म्हणायचं नाही, बॅग भरून ठेव. ही पोरगी दिवसभर उजव्याच खांद्यावर झोपते, डावा तिला चालत नाही. खांदा पार भरून आलाय. कशामुळे दुखतो ते या वेळी मला पक्कं माहीत आहे, आणि डॉक्टरांनाही विचारून झालंय.

येताना बाम घेऊन ये. तुझ्याच हाताने चोळून हवाय.

तुझी,
टाचणी